लष्करची थंडी आणि बाबांची छाती

जानेवारी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दुपारी बारापर्यंत धुकं हटत नाही. सिझेरियनने 38 आठवड्यांची मुलगी झाली, वजन 2.7 किलो, लगेच रडली. स्पायनलमध्ये, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीत, आई शुद्धीवर असते, म्हणून बाळ आधी तिच्याच छातीवर द्यावं, या मताची मी आहे. पण या आईचं बीपी पडलं, उलट्या सुरू झाल्या, हातपाय थरथरत होते. बाळाला दोन दुपट्ट्यांत गुंडाळून रिकव्हरीत आणलं. काखेत थर्मामीटर लावला: 36.2 अंश सेल्सिअस. निदान 36.5 हवं.

दुपटं असलेली ऊब टिकवतं, नवी देत नाही. नवजात बाळ कुडकुडू शकत नाही. ते अंगातली खास चरबी जाळतं, त्यात साखर आणि ऑक्सिजन दोन्ही खर्च होतात.

बाबांना बोलावलं. ताप, खोकला, अंगावर पुरळ नाही, हे विचारून घेतलं. "दादा, स्वेटर, शर्ट, बनियन, सगळं काढा." डिओचा वास होता, म्हणून ओल्या कपड्याने छाती पुसून कोरडी करायला लावली. दारातून आजी म्हणाल्या, "अहो सिस्टर, एवढ्या थंडीत पोरीला उघडं करताय?"

"उघडं नाही आजी, तिच्या बाबांच्या अंगाला लावतेय. वरून ब्लँकेट आहेच."

खिडकी लावली, पलंगाची पाठ साधारण 40 अंशांवर उचलली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी. टोपी ओलसर होती, ती बदलली. डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, ओल्या टोपीतून ऊब भराभर जाते. बाळ उभं, छातीच्या मधोमध, पाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला, हनुवटी किंचित वर. बाबांचा एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठीवर. ब्लँकेट कानापर्यंतच. हीटर अंगाजवळ नाही, गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नाही, भाजतं.

पुढचे दोन तास नजर हटवायची नाही. दर पंधरा मिनिटांनी श्वास (मिनिटाला 40 ते 60), ओठांचा रंग, मानेची ठेवण. थोड्या वेळाने बाबांनी व्हिडिओसाठी मोबाईल काढला, पाठीवरचा हात सुटला, बाळ घसरलं आणि हनुवटी छातीला टेकली. नेमका असाच श्वास कोंडतो, आणि बाळ रडतही नाही, म्हणून कळत नाही. मोबाईल आजींकडे गेला.

अर्ध्या तासात 36.5, तासाने 36.8. रडणं त्याआधीच थांबलं होतं. 2007 साली स्वीडनमध्ये सिझेरियननंतरच्या बाळांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं: बाबांच्या छातीवरची बाळं पाळण्यातल्यांपेक्षा कमी रडली.

मग ती ओठ चाटू लागली, डोकं इकडेतिकडे घासू लागली. ही भुकेची खूण. आजींनी मधाची वाटी पुढे केली. "आजी, वर्षाची होईपर्यंत मध नाही. आईला आणतोच आहोत." मधातून बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, होऊ शकतो, हेही सांगितलं.

आईचं बीपी सावरलं होतं. बाळाला पुन्हा न गुंडाळता बाबांच्या छातीवरून थेट आईच्या छातीवर आडवं ठेवलं, टाक्यांवर पाय येणार नाहीत असं. थोड्याच वेळात तिने स्तन धरला. रात्री आईला झोप लागली की पाळी पुन्हा बाबांची. डुलकी येऊ लागली तर बाळ आजींकडे द्यायचं, छातीवर घेऊन झोपायचं नाही, असं फाईलवर लाल शाईत लिहिलं.