लॅक्रॉसचा हिवाळा: भिंत, डावा हात आणि थोडा खो-खो

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकनं चेंडू झेलत-फेकत गोल करायचा सांघिक खेळ. आमच्याकडे न्यू जर्सीत गावच्या लॅक्रॉसचा मुख्य हंगाम मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. एवढ्या दिवसांत मुलींना खेळाची गोडी लागते, पण हात तयार होत नाही. तो तयार होतो उरलेल्या नऊ महिन्यांत. मुलींच्या संघांचं काम बघायला लागल्यापासून माझं हे मत पक्कंच होत चाललंय. म्हणून नोव्हेंबरात पालकांनी विचारलं, "हिवाळ्यात कुठल्या क्लबात घालू?" की मी आधी विचारते, "घराजवळ खिडक्या नसलेली विटांची भिंत आहे का?"

क्लबवाले वर्षाला हजारो डॉलर घेतात, शनिवार-रविवार हॉटेलात जातात. मोठ्या मुलींना त्यातून चांगले सामने मिळतात, हे मला मान्य आहे. पण दहा वर्षांच्या पोरीला सामने नकोत, चेंडू हवा. तासाभराच्या सांघिक सरावात तिच्या वाट्याला तो मोजक्या वेळा येतो. भिंतीसमोर पंधरा मिनिटांत दोनशेच्या वर झेल होतात, आणि तेही फुकट.

पाच-सहा पावलांवर उभं राहायचं. उजव्या हातानं पन्नास, डाव्यानं पन्नास, मग उजव्यानं फेकून डाव्यानं झेलायचा. मुलींच्या स्टिकचं पॉकेट, म्हणजे चेंडू बसतो ती जाळी, मुलांच्यापेक्षा उथळ असतं, त्यामुळे हात ताठ ठेवला की चेंडू आपटून बाहेर उडतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे घेतो, तशी स्टिक चेंडूबरोबर मागे न्यावी लागते. हे सांगून येत नाही, शेकडो वेळा करूनच येतं.

डाव्या हाताचा सगळ्यांनाच कंटाळा. माझा आग्रह मात्र तिथेच असतो. सातवी-आठवीत पोचेपर्यंत समोरची बचावपटू दोन मिनिटांत ओळखते की ही फक्त उजवीकडून जाते, आणि ती बाजूच बंद करते. मग पळण्याचा वेग कितीही असो, उपयोग नाही. आणखी एक: वापरून वापरून रबरी चेंडू गुळगुळीत होतो आणि पॉकेटमधून सटकतो. पोरी स्वतःला दोष देत बसतात. असा चेंडू सरळ बाद करा.

डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा रविवारी शाळेची जिम घेतो. आत कडक चेंडूला बंदी, म्हणून टेनिसचा चेंडू. तीन विरुद्ध तीन, छोटे गोल, गोलकीपर नाही. जागा कमी असली की पास लवकर द्यावा लागतो आणि डोळे वर ठेवावे लागतात. कॅनडात १९३० च्या दशकात आइस हॉकीच्या रिंगणांत बॉक्स लॅक्रॉस, म्हणजे बंदिस्त छोट्या जागेतलं लॅक्रॉस, सुरू झालं. तिथल्या खेळाडूंचे हात गर्दीतही इतके सफाईनं का चालतात, ते या छोट्या जागेत कळतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही सहा-सहा जणींचाच प्रकार आहे, ७० बाय ३६ मीटरचं मैदान आणि गोलवर शॉट मारायला ३० सेकंद. पोरींना हे सांगितलं की त्या तीन-तीनच्या खेळाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

आणि खो-खो. मी सांगली जिल्ह्यातली, शाळेच्या संघातून खेळलेली. इथे खांबांऐवजी प्लास्टिकचे शंकू ठेवते. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, त्यामुळे पळणारी तिची कंबर कुठे वळतेय ते वाचायला शिकते. लॅक्रॉसमध्ये डॉज करताना, म्हणजे बचावपटूला चकवून पुढे जाताना, अगदी हीच नजर लागते. सुरुवातीला लंगडी घेते, एका पायावर तोल सावरण्यासाठी. मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात, त्यामुळे हा भाग मी कधी गाळत नाही. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना तर मी मुद्दाम म्हणते, तो सोडू नका. बचावातली आडवी पावलं दोन्हीकडे सारखीच.

एका रविवारी फक्त स्टिक दुरुस्त करायला बसतो. पॉकेटच्या दोऱ्या कुठे सैल, कुठे घट्ट करायच्या ते प्रत्येकीनं स्वतः करून बघायचं. त्या दिवशी मी उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी हौडेनोसौनी लोकांबद्दल बोलते. मोहॉक, ओनोन्डागा, सेनेका अशा सहा राष्ट्रांचा हा समूह. हा खेळ त्यांचा आहे. निर्मात्यानं दिलेला आणि आजाऱ्याला बरं करण्यासाठीही खेळला जाणारा, असं ते मानतात. त्यांचे कारागीर हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवून स्टिक करतात आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. हे ऐकल्यावर स्टिक डांबरावर घासत नेणारी पोर पुढच्या वेळी ती उचलून नेते.

खर्चाची काळजी करणाऱ्या मराठी घरांतून मला बरेच फोन येतात. त्यांना एवढंच सांगते: मोठ्या झालेल्या मुलींच्या स्टिक आणि डोळ्यांवरचे गॉगल आम्ही जमवून ठेवलेत, हंगामभर वापरा आणि परत करा. फक्त दातांचं माउथगार्ड प्रत्येकीचं स्वतःचं हवं. रविवारी जिममध्ये येताना स्वच्छ तळव्यांचे बूट आणा. आधी कधी स्टिक हातात धरलेली नसली तरी चालेल.