सुक्या रिब्ज, चौथा घाणा: मीठ वेगळं काढलं

आज पहिल्यांदा रिब्जवर मसाल्याची खपली मनासारखी धरली. गडद तपकिरी, दाताखाली किंचित कुरकुरीत, आधी गोड आणि मग घशाशी रेंगाळणारी तिखट. आमच्या नॅशव्हिलहून तीन तासांवरच्या मेम्फिसला सॉस न लावता नुसत्या मसाल्यावरच्या डुकराच्या रिब्ज (बरगड्या) खाल्ल्या, तेव्हापासून हाच ध्यास आहे.

पहिल्या घाण्याला थेट निखाऱ्यांवर ठेवल्या आणि काळ्याठिक्कर झाल्या. साखर १६०-१७० अंशांच्या पुढे कडवट व्हायला लागते. निखाऱ्यांवरची जाळी त्याहून कितीतरी तापते. दुसऱ्यांदा कोळसे केटलच्या (झाकणाच्या गोल कोळशाच्या शेगडीच्या) एका कडेला, रिब्ज दुसऱ्या कडेला, झाकण बंद, आत ११० ते १२० अंश. करपणं थांबलं, पण रंगासाठी मसाला जास्त थापला आणि मीठ त्यातच असल्यानं घास खारट. तिसऱ्यांदा मीठ कमी केलं तर वर गोड, आत अळणी.

मग डोक्यात प्रकाश पडला. मीठ मांसात मुरतं. साखर, तिखट, लसूण मात्र बहुतेक वरच राहतात. दोघांचं प्रमाण एकत्र बांधायचंच कशाला? या वेळी किलोला १० ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून फ्रीजमध्ये उघडंच ठेवलं. सकाळी बिनमिठाचा मसाला: ब्राऊन शुगर ४ चमचे, पाप्रिका २, आईनं दिलेली ब्याडगी २, मिरपूड २, लसूण पूड २, कांदा पूड आणि मोहरी पूड १-१, केयेन (झणझणीत लाल मिरची पूड) अर्धा. ब्याडगीनं रंग फार सुरेख येतो आणि तिखटपणा डोक्यात जात नाही.

ब्राऊन शुगरऐवजी गूळही करून पाहिला होता. चव खोल येते, पण ओलाव्यानं गठ्ठे होतात, आणि त्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे तो साखरेआधी काळवंडतो.

हाडांकडचा पापुद्रा चमच्याच्या दांड्यानं उचकटला, कागदी रुमालात धरून ओढला. एका दमात निघाला. तो राहिला तर त्या बाजूनं मसाला मांसाला लागतच नाही. धुरासाठी हिकरीच्या लाकडाचे दोन तुकडे कोळशांवर टाकले. पहिल्या पाऊण तासात मसाला ओला होऊन चकाकायला लागला. दोन तासांनी बोट फिरवलं तर बोटाला काही आलं नाही. तोवर झाकण उघडायचं नाही, हे आता पक्कं. पाच तासांनी चिमट्यानं उचलल्यावर रिब्ज छान वाकल्या.

पुढच्या रविवारी थोडा मसाला राखून ठेवणार आणि उतरवल्यावर वरून भुरभुरवणार, फक्त त्यात साखर नसेल.