डाव्या कर्णिकेतला मिक्झोमा: निदान आणि शस्त्रक्रिया

प्रौढांच्या हृदयात उगम पावणाऱ्या सौम्य गाठींत मिक्झोमा सर्वाधिक आढळतो. सुमारे 75 टक्के मिक्झोमा डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात) असतात, बहुधा दोन कर्णिकांमधल्या पडद्याला देठाने लटकलेले. गाठ मायट्रल झडपेच्या (डाव्या कर्णिकेतून खालच्या कप्प्यात उघडणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी आली की धाप लागते, कुशी बदलताना चक्करही येते. स्टेथोस्कोपने ऐकू येणारा आवाज मायट्रल स्टेनोसिससारखाच (ही झडप अरुंद झाल्यावर येतो तसाच) असतो. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण पुष्कळ, म्हणून फसगत होते. बारीक ताप, वजनात घट आणि वाढलेला ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) यांमुळे क्षयाचीही शंका येते. गाठीचा तुकडा मेंदूत गेल्यानेही पक्षाघात होतो, म्हणून तरुण माणसाला अचानक पक्षाघात झाला तर टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) कराच, असा माझा आग्रह आहे.

एकोत देठ दिसला नाही, तर ती मिक्झोमा नसून रक्ताची गुठळी असू शकते; खात्रीसाठी अन्ननलिकेतून एको किंवा एमआरआय करावा. गुठळी बहुधा कर्णिकेच्या मागच्या भिंतीला किंवा अपेंडेजमध्ये (कर्णिकेला जोडलेल्या छोट्या पिशवीत) असते.

निदान झाल्यावर शस्त्रक्रिया लांबवू नये, कारण तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. याच भीतीने महाधमनीला क्लॅम्प (रक्तप्रवाह थांबवणारा चिमटा) लागेपर्यंत हृदय कमीत कमी हाताळतात. हार्ट-लंग मशीनवर देठाच्या मुळाशी असलेला पडद्याचा भागही काढतात आणि भोक पेरिकार्डियमच्या (हृदयाभोवतीच्या आवरणाच्या) पॅचने बुजवतात. पुढे दरवर्षी एको हवा. कार्नी कॉम्प्लेक्स हा आनुवंशिक आजार असेल तर गाठ पुन्हा होण्याचा धोका बराच जास्त, तिथे कुटुंबीयांचीही तपासणी करावी.