स्कार्फच्या आतलं इंग्रजी

रोज सकाळी सव्वासातला मी चिंचवडहून स्कूटरवर निघते, स्पाइन रोडनं मोशी गाठते आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला की इंग्रजी बोलायला लागते. डोक्यावर हेल्मेट, आत तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ. पुण्यातल्या बायका धुळीसाठी आणि उन्हासाठी स्कार्फ बांधतात असा समज आहे. माझ्या स्कार्फचा उपयोग वेगळा. ओठ हललेले कुणाला दिसत नाहीत. कुरुळीच्या अलीकडेच ट्रकांची रांग लागते आणि चाकणच्या तळेगाव चौकात तर गाडी बंद करून पाय टेकून उभंच राहायचं असतं. तेवढ्यात माझं चालू होतं. “गुड आफ्टरनून एव्हरीवन, ॲज वी डिस्कस्ड लास्ट वीक…” समोर कंटेनरची पाठ, तिच्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’. श्रोता म्हणून वाईट नाही. त्याचंही इंग्रजी माझ्यासारखंच, शब्द सगळे बरोबर आणि वाक्य कुठलंच नाही.

मी सोळा वर्षं एका कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे मालाच्या तपासणीत आहे. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हातात घेतलं की ब्लो होल, म्हणजे आतली हवेची पोकळी, कुठे असेल याचा अंदाज येतो, मशिनच्या आवाजावरून इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं छोटं पातं, झिजलंय हे कळतं. पण गुरुवारी दुपारी अडीचला जर्मन कस्टमरचा कॉल असतो आणि जेवणाच्या सुट्टीपासूनच माझा घसा कोरडा पडतो. इन्स्पेक्शन रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला मी वाक्यं लिहून ठेवते. देवनागरीत. कॉलवर कुणी ‘यू आर ऑन म्यूट’ म्हणालं की बाकीचे ओशाळतात, मला मात्र आपण किती सुखात होतो हे तेव्हा कळतं.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. माझी पाचवी १९९५ सालची, बार्शीकडच्या एका गावातली. सर पुस्तकातली एक ओळ वाचायचे आणि श्वासही न घेता तिचं मराठी सांगायचे, त्यामुळे इंग्रजी ही भाषा आपल्यापर्यंत नेहमी कुणाचा तरी हात धरून येते अशी माझी समजूत झाली. पुढे २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी इंग्रजी पहिलीपासून आणलं, त्यावर बराच गदारोळही झाला. तोवर मी दहावीच्या उंबरठ्यावर होते. आता चिंचवडला त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तिथे नाटकाला जाते तेव्हा मनात येतं, नऊ-दहा वर्षं आधी सुचलं असतं तर!

अर्थात त्यानं फरक पडला असता याची खात्री नाही. कारण इंग्रजीत मला मार्क कमी नव्हते. ‘रिमूव्ह टू’ म्हटलं की टू काढायचे, ‘चेंज द व्हॉइस’ म्हटलं की कर्त्याला मागच्या बाकावर बसवायचं. ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन’ हे वाक्य मी झोपेतही उलटंसुलटं करून दिलं असतं. सोळा वर्षांच्या नोकरीत ते वापरायची वेळ अजून आलेली नाही. ‘सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, उद्या अर्धा दिवस मिळेल का’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं, ते मात्र बोर्डानं कधी विचारलं नाही.

खरी गोम क्रियापदात आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि त्याचा माणसाला फार आधार असतो. “आम्ही ते पार्ट गेल्या आठवड्यात चेन्नईच्या गाडीतून…” इथपर्यंत निवांत यायचं, समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग ठरवायचं, पाठवले, पाठवणार होतो, की पाठवायचे राहिले. इंग्रजीत ही सोय नाही. तोंडातून ‘वी’ बाहेर पडला की लगेच सोक्षमोक्ष. आणि नेमकं तेव्हाच शाळेतले बारा काळ रेशनच्या रांगेत उभे राहिल्यासारखे एकमेकांना ढकलू लागतात.

शिवाय हो-नाहीचा घोळ. एका कॉलवर पलीकडच्या साहेबांनी विचारलं, “हॅवन्ट यू शिप्ड द सॅम्पल्स येट?” पाठवले नव्हते. मी प्रामाणिकपणे म्हणाले, “येस.” म्हणजे, हो, नाही पाठवले. ते म्हणाले, “परफेक्ट.” मीही खूश, एका शब्दात काम झालं. चार दिवसांनी तिकडे कुरिअर कंपनीकडे चौकशी सुरू झाली, पार्सल कुठे गहाळ झालं म्हणून. आमच्या मॅनेजरांनी बोलावलं.

“अहो मॅडम, पाठवले नव्हते तर येस कशाला म्हणालात?”

“पाठवले नव्हते म्हणूनच, सर.”

ते नगरकडचे. दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, “तुमचं बरोबर आहे हो. पण इंग्रजीत चूक आहे.” तेव्हापासून मी स्कार्फच्या आत सर्वांत जास्त सराव कशाचा करत असेन तर ‘नो’ म्हणण्याचा. “नो, वी हॅवन्ट. नो, वी डिडन्ट.”

एवढं सगळं झाल्यावरही, गाठ व्याकरणाची नाहीच हे कळायला तेच जर्मन साहेब कारणीभूत झाले. एका गुरुवारी ते गंभीरपणे म्हणाले, “व्हेन डू आय बिकम द रिपोर्ट?” मी रिपोर्ट कधी होणार? मला वाटलं, ऐकण्यात माझीच चूक झाली. नंतर शोधलं तर जर्मनमध्ये ‘बेकॉमन’ म्हणजे मिळणे, आणि ‘बिकम’ कानाला तसाच लागत असल्यानं जर्मन लोकांचा हा ठरलेला घोटाळा आहे. त्या दिवशी कॉलवर आमच्याकडची सहा माणसं होती. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. “फ्रायडे, सर,” असं सांगून आम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलो. हेच वाक्य माझ्या तोंडून गेलं असतं तर चहाच्या टपरीवर आठवडाभर मीच रिपोर्ट झाले असते.

पुढे ते ऑडिटला आले. सीएनसी मशिनपाशी उभे राहून एका पार्टच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. बर होती, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेमधलं झिजलेलं इन्सर्ट उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बोलत सुटले. किती पार्टनंतर बदलतो, काल रात्रपाळीत का बदललं नाही, काउंटर कुठे लावणार आहोत. मधे ‘द’ किती गळले देव जाणे. ते इन्सर्ट उजेडात धरून बघत होते, मान हलवत होते, उलट प्रश्न विचारत होते. तेवढ्यात आमच्या प्रोजेक्ट विभागातली एक मुलगी मागे येऊन उभी राहिली. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये, इंग्रजी असं की ऐकत राहावं. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. माझं वाक्य ‘बिकॉज’वर थांबलं ते थांबलंच. पुढचं तिनं सांगितलं, तेही मी मराठीत पुटपुटल्यावर.

म्हणजे ज्याची भीती वाटायला हवी त्या परक्याची भीती नाहीच. भीती आहे ती आपलं ‘द’ कुठे गळलं हे ज्याला कळतं त्या आपल्या माणसाची. आणि बिचारी ती मुलगी मला आजवर एकदाही हसलेली नाही. तिच्या वतीनं हसायचं काम मीच इमानेइतबारे करत आलेय.

गावाकडे याच्या उलट. भावाच्या लग्नात कंपनीतून फोन आला, मांडवाबाहेर जाऊन चार वाक्यं बोलले, तर आत्या म्हणाली, “लई फाडफाड बोलायलीस की गं!” कौतुक होतं का टोमणा, हे अजून ठरलेलं नाही. चुकलं तरी हसणार, जमलं तरी हसणार. या दोन हसण्यांच्या मधली जी बोळकांडी आहे, तिच्यातून आम्हाला कॉलवर जायचं असतं.

यावर पुरुषमंडळींनी आपला उपाय शोधलाय. दोन पेग झाले की इंग्रजी सुटतं, हा आपल्याकडे चेष्टेचा विषय. पण २०१७ साली याच्यावर खरोखरच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेदरलँड्समध्ये शिकणारे आणि डच भाषा नुकतीच शिकलेले पन्नास जर्मन घेतले, काहींना थोडी दारू दिली, काहींना पाणी, आणि डचमध्ये बोलायला लावलं. कोणी काय प्यायलंय हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. थोडी घेतलेल्यांना त्यांनी जास्त गुण दिले, विशेषतः उच्चारांना. २०२५ साली या मंडळींना इग नोबेलही, म्हणजे गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं, आणि तेही शांततेचं! मला त्यातली दुसरीच गोष्ट चटका लावून गेली. बोलणाऱ्यांनी स्वतःला दिलेले गुण मात्र दारूनं वाढले नव्हते. आतला मास्तर शुद्धीवरच होता.

मागच्या पावसाळ्यात ती कॉन्व्हेंटची मुलगी माझ्या टेबलापाशी आली. हातात घडी घातलेला कागद, आवाज खाली. कामगारांसाठी मराठीत सूचना लावायची होती, तिनं मसुदा केला होता. “ताई, जरा बघता का? कुणाला दाखवू नका हं.” पहिलीच ओळ होती, ‘सर्व कामगारांनी आपली बोटे मशिनमध्ये काळजीपूर्वक घालावीत.’ मी ओठ आवळले. तेवढ्यात कुणीतरी शेजारून स्टोअरला ‘एकोणसत्तर नग’ असं फोनवर ओरडलं आणि ती माझ्याकडे झुकून कुजबुजली, “एकोणसत्तर म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?” तिच्या कपाळावर जो घाम होता तो मी चांगला ओळखत होते. गुरुवारी अडीचला तो माझ्या कपाळावर असतो. सूचना मी नीट करून दिली, कामगारांची बोटं वाचली. हल्ली कॉलच्या आधी मी तिलाच विचारते, ‘हॅज’ की ‘हॅड’, आणि ती महिन्यातून एकदा घडी घातलेला कागद घेऊन येते.

कॉलवर आता मी बोलते. अडखळते, पण ‘लेट मी से इट अगेन’ म्हणून वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पूर्वी मोडलेल्या वाक्याखाली दबून बसायचे. बाकी घसा अजून कोरडा पडतोच.

परवा तळेगाव चौकात सराव रंगात आला होता. शेजारी ट्रॅफिक हवालदार कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

“मॅडम, गाडी बाजूला घ्या. गाडीवर फोन?”

“फोन कुठे साहेब, फोन तर डिकीत आहे.”

“मग कुणाशी बोलत होता?”

आता याचं काय उत्तर देणार? मी कंटेनरकडे बघितलं.

“म्हणजे तुम्ही फोनवर बोलत नव्हता?”

“नो!” सवयीनं निघून गेलं. मग सावरून म्हणाले, “म्हणजे… नाही.”

“नाही म्हणजे? बोलत होता ना मग?” म्हणत त्यांनी चलनाचं मशिन बाहेर काढलं.