तिसाव्या चित्रातली मुलगी

चित्रकाराला स्वतःची शैली कशी सापडते, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते असं सांगितलं, की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : तुमची शैली कोणती? नवे चित्रकार हेच जरा काळजीने विचारतात : मला माझी शैली कशी सापडेल? बरीच वर्षं मी 'जलरंग' एवढंच सांगून मोकळी व्हायचे. ते चूक होतं. जलरंग हे माध्यम झालं. उद्या रंगपेटी हरवली आणि हातात नुसती पेन्सिल उरली, तरी चित्र माझं म्हणून ओळखू येईल का, आणि येईल तर कशावरून, याचं उत्तर म्हणजे शैली.

मला ते पहिल्या मोठ्या कामात मिळालं. मुलांचं चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं. मोठा कागद छापून दुमडला की 16 पानांचा फर्मा होतो, आणि असे दोन फर्मे म्हणजे पुस्तक. शीर्षक वगैरेंची पानं सोडली तर गोष्टीला बारा-चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. तेवढ्यात एकच मुलगी धावताना, रुसलेली, झोपलेली, पाठमोरी, लांबून, जवळून अशी तीसेक वेळा काढायची होती. पहिलं चित्र मी जीव ओतून केलं. केसांची बट न् बट, फ्रॉकवर बारीक फुलांची नक्षी, पापण्या, गालांवर तीन छटा. सातव्या चित्रात नक्षी जड वाटायला लागली. पंधराव्यात पापण्या गेल्या. केसांचा एकच काळा ढग झाला. मी कंटाळून अंगचोरी करतेय, असंच मला वाटत होतं. मग सगळी चित्रं क्रमाने जमिनीवर मांडली, आणि दिसलं की शेवटची दहा सरस आहेत. पहिल्या चित्रातली मुलगी देखणी होती, पण फोटोला उभी राहावी तशी उभी होती. शेवटच्या दहांतली कुठेतरी निघाली होती. आधीची वीस मी पुन्हा काढली.

तेव्हापासून मी मानते की तिसाव्या वेळीही हात जे सोडत नाही, ती आपली शैली.

माझ्या हाताने काय सोडलं नाही? डोळ्यांचे दोन ठिपके. डच चित्रकार डिक ब्रूना यांनी 1955मध्ये एका छोट्या सशाला दोन ठिपक्यांचे डोळे आणि फुलीसारखं तोंड दिलं. तो ससा नेहमी थेट वाचणाऱ्याकडे बघतो. गोष्ट दुःखाची असेल तर तोच चेहरा दुःखी वाटतो, कारण ते दुःख मूल त्यात भरतं. माझी मुलगी मात्र समोर बघत नाही, ती तिच्या उद्योगात असते. तिचं मन कळतं ते खांद्यांवरून, मानेच्या कलावरून, पायाच्या अंगठ्यावरून. पुस्तक बघता बघता मुलांचे खांदे तिच्यासारखेच पडलेले मी पाहिलेत, म्हणून चेहरा भरायचा मोह मी आवरते.

प्रमाणही तसंच. चार वर्षांचं मूल खरं तर पाचेक डोक्यांएवढं उंच असतं. माझी मुलगी साडेतीन डोक्यांची आहे. त्यामुळे ती जराशी तोल सावरत चालल्यासारखी दिसते, आणि मला ते चालणं आवडतं.

पण सगळ्यांत जास्त माझी अशी गोष्ट कोणती म्हणाल, तर नजरेची उंची. त्या वयाचं मूल साधारण मीटरभर उंच. त्याला टेबलाची खालची बाजू दिसते, मोठ्यांचे गुडघे दिसतात, दाराची कडी वर कुठेतरी असते. कच्ची रेखाटनं मी जमिनीवर बसूनच करते. मोठ्या माणसांची डोकी पानाच्या कडेला कापली जातात. एकदा संपादकांनी विचारलं, "बाबांचा चेहरा कुठेच कसा नाही?" मी म्हटलं, "ते तिला उचलून घेतील तेव्हा दिसेल." नवव्या जोडपानावर ते तिला उचलतात.

रंगांचं श्रेय मला घेता येणार नाही. छपाईत चार शायांतून सगळे रंग तयार होतात, आणि झगझगीत हिरवा किंवा जांभळा त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो. माझा लाडका हिरवा कागदावर मळकट उतरला, तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मग मी गेरू, पिवडी आणि करड्या निळ्याकडे वळले, आणि ते अंगवळणी पडले.

अनुकरणाबद्दलही विचारता. मी केलंय, भरपूर. ब्रिटिश चित्रकार क्वेंटिन ब्लेक कच्चं रेखाटन लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, ठेवतात, त्यावर चांगला कागद ठेवतात, पण खालचं गिरवत नाहीत. बघून नव्याने रेषा ओढतात. मी तसं करून पाहिलं. त्यांची खरखरीत टाकाची रेषा माझ्याकडे टिकली नाही. न गिरवणं टिकलं.

यातलं काहीच ढिलाईला परवानगी देत नाही, हे मला एका पाच वर्षांच्या मुलीने शिकवलं. वाचन चालू असताना तिने पानं मागे उलटली आणि बोट ठेवलं : "ठिगळ या गुडघ्यावर होतं." खरंच, तीन पानांनी ते दुसऱ्या गुडघ्यावर गेलं होतं. आता प्रत्येक पात्राचा समोरून, बाजूने आणि मागून काढलेला नमुना टेबलासमोर टाचलेला असतो.

तेव्हा शैली शोधत असाल तर एक पात्र घ्या आणि तीस वेळा काढा, तीस वेगवेगळ्या कामांत गुंतलेलं. सगळी चित्रं एकत्र मांडा आणि मागून पुढे बघत या. पहिलं चित्र फाडू मात्र नका. माझं मी जपून ठेवलंय. त्या फ्रॉकवरची बारीक फुलं नव्या पुस्तकात परत आली आहेत, आजीच्या पांघरुणावर. आजी दोनच पानांत आहे.