केसपेपरवरचे ७१ किलो

२०१२ साली माझ्या हिपॅटायटिस सी वर, म्हणजे व्हायरसमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारावर, उपचार झाले. व्हायरसचा प्रकार, म्हणजे जिनोटाइप, ३ निघाला, म्हणून २४ आठवडे. दर शनिवारी पोटात पेग-इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. व्हायरस गेला. त्या ओपीडीतल्या वजनकाट्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

इंजेक्शनच्या रात्री थंडी वाजून ताप यायचा, त्याची तयारी होती. भूक अशी मरेल असं कुणी नीट सांगितलं नव्हतं. तोंडात सतत लोखंड चाटल्यासारखी चव. घरात तांबड्या रश्श्याची फोडणी बसली की मी गच्चीवर. अर्धी भाकरी दुधात कुस्करून संपवायला तास लागायचा.

मी गुळाच्या अडतीवर दिवाणजी. एकदा हमालानं मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "दिवाणजी, दोन रवंबी भरंना झालासा की!" रवा म्हणजे गुळाची ढेप, तीस किलोची. काटा ५८ दाखवत होता.

ओपीडीत दर महिन्याला ७१. तिथला काटा बंद, आणि बाई आधीच्या ओळीवरचा आकडाच खाली उतरवायच्या. डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणायचे, "वजन स्थिर आहे, छान." मी सांगितलं, पँट घसरते, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत. "तसं वाटतं, मनावर घेऊ नका." बाकावर तीन तास, आत दीड मिनिट. बाईंना विचारलं, तर "दुरुस्तीला सांगितलंय." पुढच्या महिन्यात तेच उत्तर, त्याच्या पुढच्याही.

चौथ्या खेपेला मी अडतीवर स्वतःचीच तोलपावती फाडली. मालाच्या रकान्यात माझं नाव, वजन ५८, खाली दुकानाचा शिक्का. टाचणीनं केसपेपरला लावली. डॉक्टर हसले, पावती परत वाचली आणि हसायचे थांबले. त्याच दिवशी थायरॉईडची तपासणी लिहिली. इंटरफेरॉननं थायरॉईड बिघडू शकतो, माझा बिघडलाच होता. १३ किलो नुसत्या भुकेपायी गेले नव्हते. त्यावर औषध सुरू झालं, इंजेक्शनं बंद करावी लागली नाहीत.

भूक सकाळी त्यातल्या त्यात जागी असायची, म्हणून मी मुख्य जेवण नऊलाच उरकायचो. चमचा लाकडी, स्टीलचा लागला की ती चव दुप्पट. रिबाव्हिरिन जेवणाबरोबरच घ्यायची. आणि हे खरं तर आधी सांगायचं होतं, वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून वहीत लिहा. ओपीडीच्या भरवशावर राहू नका.

गेल्या वर्षी मेहुण्याला हाच आजार निघाला. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याला सरकारी दवाखान्यातून औषधं फुकट मिळाली. सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटास्विर, नुसत्या गोळ्या, ८४ दिवस. थोडं डोकं दुखलं म्हणे. गोळ्या चालू असताना एका रविवारी आमच्याकडे येऊन रश्श्याच्या तीन वाट्या प्याला. बरं वाटलं, थोडा जळलोही.

तरी सुरुवातीलाच मी त्याला अडतीवर नेऊन काट्यावर चढवला होता. ८३. पावती हातात दिली.

"दाजी, आता काटे चांगले असतात," म्हणाला. पण घडी घालून फाईलमध्ये ठेवली.