बर्गमनची मूठ

आज दुपारी आईला शेजारी बसवून 'नटोरियस' पाहिला. मी कितव्यांदा तरी, ती पहिल्यांदाच. १९४६ चा कृष्णधवल सिनेमा, त्यात जेवण झालेलं. आईचा डोळा लागणार असं वाटलं होतं. पण पार्टीचा प्रसंग आला. कॅमेरा उंचावरून पाहुण्यांनी भरलेला दिवाणखाना दाखवतो आणि हळूहळू खाली उतरत थेट नायिकेच्या, इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीपाशी येतो. मुठीत तळघराची किल्ली. वर चेहरा पाहुण्यांचं स्वागत करणारा, हसरा; खाली बोटांचा मात्र किल्लीशी चाळा चाललेला. आई सावरून बसली. "अगं, तिचा हात बघ!"

हेच तर मी इतकी वर्षं सांगतेय! तिच्या रूपाचं कौतुक सगळेच करतात, माझा जीव या बोटांवर आहे. आणि तिच्या हिमतीवर. विवाहित असताना इटालियन दिग्दर्शक रोसेलिनीवर केलेल्या प्रेमापायी १९५० मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये तिच्यावर आगपाखड झाली. ती युरोपात काम करत राहिली. पुढे 'अनास्तासिया'साठी दुसरं ऑस्कर मिळालं तेव्हा ती सोहळ्याला नव्हती. तिच्या वतीने ते घेतलं कॅरी ग्रँटने, 'नटोरियस'मधल्या तिच्या नायकाने. हे सांगताना माझा गळा दाटतो, आजही दाटला.

चहा घेताना आईने विचारलं, "हिचे अजून कुठले आहेत गं?"

रात्री 'गॅसलाइट' लावतेय.